फक्त एकच शिल्लक

“एक दुलई! एकच! अन् एकशे चौदा लोकायले इकली तुनं! काय व, आता तुकडे करून पाठवतं का? कोनाले कोपरा, कोनाले काठ?”

आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाई ओरडत होत्या. भर दुपार, बोरी अरब गावातलं पत्र्याचं गोदाम, आणि त्यात हा आवाज. लोक मला थापाड्या म्हणतात, म्हणून त्या आवाजाबद्दल जास्त सांगत नाही. एवढंच सांगतो की अध्यक्षबाई गोदामात बोलायला लागल्या की स्टँडवरची दारव्ह्याची एसटी वेळेवर सुटायची. त्या दिवशी ती वेळेच्या आधी सुटली.

ज्यांच्यावर हे चाललं होतं त्या गोदामवाल्या ताई शिलाई मशीनसमोर स्टुलावर बसल्या होत्या. हातात सुई होती आणि सुईत दोरा नव्हता. आलेला माल मोजणं, गेलेला माल मोजणं आणि मोबाइलवर आकडा टाकणं हे ताईंचं काम. गोदामाची किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत असायची. गट सुरू झाला त्या दिवसापासून ती गाठ मी कधी सुटलेली पाहिली नव्हती.

“किल्ली ठेव इथं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आजपासून गोदाम दुसरी पाहीन.”

कोपऱ्यात पिंजायच्या मशीनपाशी चाचा बसले होते. तीन पिढ्यांचे पिंजारी, दाढीत कायम रुई. मी त्यांच्याशेजारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. हे ऑनलाइन दुकान मी बांधलेलं. त्या खोलीत एकशे चौदा दुलयांचं खरं कारण फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस लॅपटॉपच्या पडद्यात तोंड खुपसून काहीतरी फार महत्त्वाचं शोधत असल्याचं नाटक करत होता.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगतो.

ज्या हंगामात गुलाबी अळीनं कपाशी खाल्ली, त्या हंगामात आमच्याकडं बोंड फोडलं की आत अळी अशी ऐसपैस बसलेली दिसायची, जणू पेरणी तिनंच केली आणि आपण तिच्या घरी पाहुणे. जे काही पांढरं हाताला लागलं ते घेऊन बाजारात गेलं, तर व्यापारी कापसाकडं न पाहता आभाळाकडं पाहायचा. मग एका बैठकीत चाचा म्हणाले, “रुई को रुई के भाव में मत बेचो. भर के बेचो.” बायकांनी ते मनावर घेतलं. घरचा कापूस, चाचांची पिंजणी, बायकांचे टाके, आणि दुलई तयार. अशी दुलई की तिच्यात शिरलेला माणूस उन्हाळा लागल्याशिवाय बाहेर येत नसे. आमच्या एका गिऱ्हाइकाला तर बायकोनं होळीच्या दिवशी ओढून काढलं. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.

माझं तेव्हा दारव्ह्यात कॉम्प्युटरचं दुकान होतं. सातबारा काढणं, परीक्षेचे फॉर्म भरणं, फोनात गाणी टाकून देणं. अध्यक्षबाई आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आमाले नेटवर दुकान टाकून दे.” मी टाकून दिलं. भाड्यानं मिळणारं तयार सॉफ्टवेअर होतं. पुढची बाजू, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारे फोटो, रंग, बटणं, आणि मागची बाजू, म्हणजे माल किती, ऑर्डर कोणाची, पाठवायचं कुठं, हे सगळं एकाच डब्यात कोंबलेलं. डब्याला दार एक. पुढं दिवाळीचं तोरण टांगलं की मागं वजनाचे आकडे गायब व्हायचे. एकदा मी नुसता पाटीचा रंग बदलला तर पंधरा दिवस सगळ्या ऑर्डरी एकाच पत्त्यावर जात होत्या. तो माणूस फार सज्जन निघाला. त्यानं सगळ्या दुलया परत केल्या, एक सोडून.

पण त्या कोंबलेल्या दुकानात एक गोष्ट चोख चालायची, आणि ती ताईंमुळं. आमच्याकडं कापूस विकायला निघाला तरी कोठा झाडून रिकामा करत नाहीत. मूठभर कापूस कोपऱ्यात राहू देतात. दुकानातही तसंच. माल संपला असं तोंडानं कोणी म्हणत नाही, आणि फळी कोरडी ठेवत नाही. ताईंचा हा नियम होता की गोदामात एक दुलई कायम राहणार. बाकी कितीही जाऊ दे, शेवटची विकायची नाही. नवीन माल आला की जुनी शेवटची विकायची आणि नव्यातली एक फळीवर ठेवायची.

मी एकदा विचारलं होतं, “ताई, हे काय, देवाधर्माचं काही आहे का?”

“देव कायले?” त्या म्हणाल्या. “दारावर कोनी बाई लेकरू घेऊन आली, थंडीची, त तिले काय दाखवू? मोकळी फळी?”

आणि तशा बाया यायच्या. दवाखान्यातून टोपलीएवढं बाळ घेऊन एसटीची वाट पाहणाऱ्या. ताई फळीवरची दुलई काढून द्यायच्या आणि रात्र व्हायच्या आत दुसरी शिवून ठेवायच्या.

तर मोबाइलच्या आकड्यात ताई कधी शून्य टाकत नसत. टाकला की बोट भाजतं अशा पाहायच्या त्याच्याकडं. मशीननं शून्य दाखवलं की त्या एक करायच्या, कारण फळीवर एक असायचीच. आकडा खरा होता. फक्त ती एक विकायची नव्हती.

हे सॉफ्टवेअरला कसं सांगायचं? बरोबर जागा होती मागच्या बाजूला, जिथं मालाचा हिशेब राहतो. तिथं लिहायचं की एक राखून ठेव, कोणी कितीही मागो. पण त्या भाड्याच्या डब्यात मागं हात घालायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. आणि माझा चहा थंड होत होता. मी काय केलं, पुढच्या बाजूला, फोटो आणि रंग जिथं राहतात तिथं, एक ओळ चिकटवून दिली. आकडा एक असेल तर ‘विकत घ्या’चं बटण लपव आणि त्या जागी लिही, ‘फोन करा’. गिऱ्हाईक फोन करायचं. ताई म्हणायच्या, “दादा, आठ दिवस थांबा, तुमच्यासाठी नवी शिवतो.” गिऱ्हाईक आनंदानं थांबायचं, कारण दुकानातून कोणीतरी आपल्यासाठी शिवतंय हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दोन मिनिटांचं काम. मी ते कुठं लिहून ठेवलं नाही, कोणाला सांगितलं नाही, आणि वर्षभरात स्वतःही विसरलो.

मग शहरातून तो आला.

कंपनीचं नाव सांगत नाही, माणसाचंही नाही. त्याचे बूट मात्र सांगतो. बोरीच्या रस्त्यावरून चालत आला तरी त्या बुटांवर धूळ बसत नव्हती. धूळच लाजत असावी. एका संस्थेनं आमच्या गटाला मदत म्हणून त्याची कंपनी लावून दिली होती. त्यानं गोदामाच्या भिंतीवर चादर टांगून चित्रं दाखवली. पुढची बाजू वेगळी करायची, मागची बाजू वेगळी करायची, मध्ये फक्त एक खिडकी. पुढच्यानं खिडकीतून विचारायचं, मागच्यानं उत्तर द्यायचं. पुढं रोज नवा रंग लावा, मागचं हलणार नाही. उद्या मोबाइलवर दुकान टाका, परवा आणखी कुठं, मागचं गोदाम तेच.

आता मी रागानं लिहितोय म्हणून कोणी असं समजू नका की कल्पना वाईट होती. कल्पना सोन्यासारखी होती, आणि मीच तिचा सगळ्यात मोठा भक्त होतो. बायकांना मीच समजावलं. म्हटलं, स्टँडवरचं भज्याचं हॉटेल पाहा. पुढं गल्ल्यावर मालक, मागं कढई, मध्ये खिडकी. मालकानं पुढं नवी खुर्ची टाकली म्हणून मागं तेल सांडते का?

“मालकानं इचारल्याबिगर दहा प्लेटी सांगितल्या त?” ताईंनी विचारलं होतं.

मी हसलो. त्या शहरवाल्याकडं पाहून हसलो, डोळा मारून, की बघा आमचे लोक. देवाशपथ सांगतो, त्या हसण्याचा मला आजही इतका राग येतो की आरशात दाढी करताना गाल कापला जातो.

मग त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “जुनं फ्रंट आपण पूर्ण काढून टाकतोय. त्यात काही लॉजिक लिहिलंय का? काही नियम वगैरे?”

मी पायावर पाय टाकून बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला ‘लॉजिक’ विचारत होतं. “छे छे,” म्हटलं. “नुसतं रंगकाम आहे. बिनधास्त फेका.”

त्यानं फेकलं.

नव्या दुकानाचं उद्घाटन यवतमाळला एका हॉटेलात ठेवलं. गोदामात नाही, कारण गोदाम फोटोत चांगलं दिसत नव्हतं. लॅपटॉपपुढं नारळ फोडला. अध्यक्षबाईंना शाल, मला हार. पहिल्या रांगेत बसलो होतो. भाषणांत सगळे कापसाच्या संकटाबद्दल बोलले आणि कोणाच्याच अंगावर कापूस नव्हता, सगळे चकाकणाऱ्या सुटात. एका वक्त्यानं आमच्या दुलईला ‘व्हाइट गोल्डची ऊब’ म्हटलं. मला वाटलं उठून त्याच्या तोंडात रुईचा बोळा कोंबावा. कोंबला नाही. पेढे चांगले होते.

आणि इकडं बोरीत, गोदामात, एकट्या ताई. बाकीचा सगळा माल प्रदर्शनासाठी यवतमाळला हलवलेला, आणि तिथं तो हातोहात विकलाही गेलेला. फळीवर फक्त ती एक.

नवी पुढची बाजू फार देखणी होती. दुलईत गुंडाळलेली एक बाई, दात असे पांढरे की आमचा कापूस मळका वाटावा. खाली लाल अक्षरांत लुकलुकणारी पट्टी: ‘फक्त एकच शिल्लक!’ पुढच्या बाजूनं खिडकीतून विचारलं होतं, माल किती? मागच्या बाजूनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, एक. आणि ती एक विकायची नाही हे सांगणारी ओळ मी स्वतःच्या तोंडानं कचऱ्यात टाकायला लावली होती.

कोणीतरी घेतली. आकडा शून्य झाला. पट्टीवर आलं, ‘संपली’. ताईंनी मोबाइल पाहिला, शून्य. फळी पाहिली, दुलई तिथंच. पूर्वी ऑर्डर आली की त्यांच्याच फोनवर दिसायची. नव्या रचनेत त्यांच्या वाट्याला मालाच्या आकड्याचाच पडदा आला होता आणि ऑर्डरींचा पडदा अध्यक्षबाईंच्या फोनवर गेला होता, ज्याचा पासवर्ड त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात चिठ्ठीवर झोपला होता. ताईंना वाटलं, नवं मशीन आहे, विसरलं असेल. त्यांनी एक टाकली.

पट्टी पुन्हा लुकलुकली: ‘फक्त एकच शिल्लक!’

आता माणसाचं मन पाहा. संपलेली वस्तू परत आली की तिची किंमत डोळ्यात दुप्पट होते. पुण्यात, ठाण्यात, कुठं कुठं लोक फोनवर टपून बसले. आली! गेली! आली! गेली! थंडीच्या तोंडावर आख्ख्या महाराष्ट्राला हुडहुडी आमच्याच दुलईसाठी भरली होती. आणि इथं ताई दर पाच मिनिटांनी मशीनशी भांडत होत्या. पाणी प्यायला गेल्या, आल्या, शून्य. एक टाकली. चूल पेटवली, पाहिलं, शून्य. एक टाकली. जेवण सोडलं. त्या नंतर मला म्हणाल्या, “मी ठेवू अन् मशीन खाय. म्हटलं, पायतो कोन थकते.” मशीन थकलं नाही, ताईही थकल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या फोनची बॅटरी संपली, म्हणून एकशे चौदावर थांबलं. नाहीतर आजतागायत चाललं असतं आणि तुम्ही हे वाचता वाचता एक ऑर्डर दिली असती.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी ताईंनी मला अकरा फोन केले. मी हार घालून बसलो होतो. पहिले दोन वाजू दिले, बाकीचे कापले. शेवटी एक मेसेज पाठवला: ‘मीटिंगमध्ये आहे.’

तर आता पुन्हा गोदामात या. सकाळी अध्यक्षबाईंना चिठ्ठी सापडली, त्यांनी पडदा उघडला, आणि बोरीत भूकंप झाला.

“लाव त्याले फोन,” त्या मला म्हणाल्या. मी शहरवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

“मॅडम, आम्ही सगळं तपासलंय,” तो म्हणाला. आवाजालाही पॉलिश होतं. “दिवसभरात एकशे तेरा वेळा स्टॉकचा आकडा हातानं बदललाय. तुमच्या गोदामाच्या फोनवरून. सिस्टिमनं जे सांगितलं ते केलं. हा सरळ सरळ युजर एरर आहे.”

“क्या बोल रहा है?” चाचांनी मला विचारलं.

“म्हणतो चूक वापरणाऱ्याची आहे.”

“ऐसी गलती गाहक पे डालता तो हमारे बाजार में दुकानदार पिटता था बेटा,” चाचा म्हणाले. “इसको बोलो, आ जा इधर.”

“तुम्ही असं करा,” फोनमधून आवाज आला, “सगळ्या ऑर्डर कॅन्सल करून एक सॉरीचा मेल टाका. आणि गोदामावर जरा शिकलेला माणूस ठेवा.”

‘शिकलेला माणूस’ ऐकलं आणि अध्यक्षबाईंना दिशा मिळाली. त्या त्याच्यावर ओरडल्या असत्या तर मी त्यांना खांद्यावर घेऊन नाचलो असतो. पण तो दूर होता, आणि त्याच्या बुटांवर धूळ बसत नव्हती. ताई जवळ होत्या.

“आयकलं?” त्या ताईंकडं वळल्या. “एकशे तेरा डाव! तुह्या मनाले इतकं वाटलं नाई का, हे काहून होऊन राह्यलं? वर्गणी काढून विहार बांधता तुमी, सगळ्या गावाले सांगता हे मानू नका ते मानू नका, अन् सोता शून्याले भेतं?”

“भेत नाई बाई,” ताई म्हणाल्या. “फळीवर एक होती. म्हून एक लिवली.”

“मंग मशीन खोटं बोललं?”

“मशीनले तथी फळी दिसत नाई ना.”

“तुले दिसते! मोठी डोळ्यावाली! कोनाले फोन करून इचारता येत नव्हतं?”

इथं ताईंनी माझ्याकडं पाहिलं. अर्धा क्षण. मग सुईकडं पाहिलं.

“लागला नाई फोन,” त्या म्हणाल्या.

मी सांगतो, मला आयुष्यात लोकांनी शिव्या दिल्यात, मुस्काटात दिलीय, एकदा तर ढाणकीच्या बाजारात एकानं चक्क बैलाच्या वेसणीनं पाठ शेकलीय. पण त्या ‘लागला नाई फोन’नं जो फटका बसला तो पाठीपर्यंत पोचायलाच अजून वेळ लागतोय.

आणि तरी मी बोललो नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे शूरासारखं ओरडलो तेवढंच लोकांना सांगत फिरतो. आधी गप्प बसलो होतो. मनात हिशेब चालू होता की ताईंची किल्ली गेली तर ताईंचं काय जाईल, आणि मी कबूल केलं तर माझं काय जाईल. मला नुकताच हार मिळाला होता. संस्थावाले म्हणाले होते, महागावला, उमरखेडला, सगळीकडं असे गट आहेत, तिथलंही काम तुमच्याकडं देऊ. आणि ताईंचं? ताईंची फक्त किल्ली. पण गावात एखाद्या बाईच्या पदरातून किल्ली काढून घेतली की पुढं दहा वर्षं ती बाई पाणी भरायला गेली तरी बायका हंड्यांना हात लावून मोजतात.

ताईंनी पदर पुढं घेतला. गाठ जुनी होती, दातांनी सोडवावी लागली. किल्ली त्यांनी अध्यक्षबाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “मोजून घ्या फळीवरचं. एक हाये.”

अध्यक्षबाई त्या एका दुलईकडं हात करून म्हणाल्या, “अन् हेच कारन! एक, एक, एक! तुह्या त्या एकापायी सगळ्या गटाचं तोंड काळं झालं!”

आणि माझं डोकं फुटलं. फुटलं म्हणजे असं फुटलं की चाचांच्या मशीनमधली रुई उडाली. मी लॅपटॉप फेकला. खरं तर मांडीवरून अलगद पिंजलेल्या रुईवर ठेवला, लॅपटॉप महाग होता, पण ठेवला तो फेकल्यासारखा.

“कोनाचं तोंड काळं?” मी ओरडलो. “तो फोनवाला ऐकून राह्यला का अजून? ऐक बे! शिकलेला माणूस ठेवा म्हनतं? ह्या बाईनं दिवसभर जे सांगितलं ते सगळं खरं होतं! फळीवर एक होती, तिनं एक सांगितली! खोटं तुही पट्टी बोलली, लाल लाल, ‘घ्या घ्या’ करून! पुढं बसून दात दाखवाले तुमी, अन् इकडं मागच्यानं मरावं! कोनी तिले इचारलं का, ही इकाची हाये का? खिडकी ठेवली न तुमी? मंग खिडकीतून एवढं इचारता नाई आलं?”

“सर, तुम्हाला मी मीटिंगमध्ये विचारलं होतं की जुन्या फ्रंटमध्ये काही नियम...”

“हौ, इचारलं होतं!” मी म्हणालो.

आणि मग सगळं बाहेर आलं, ओकारी यावी तसं. “इचारलं होतं, अन् म्या नाई म्हटलं! नियम होता. शेवटची इकू नको, हा नियम ह्या बाईचा, अन् तो जिथं लिहाले पाहिजे तथी म्या लिहिला नाई, म्या पुढच्या रंगात चिकटवला. म्याच लिहिला, म्याच इसरलो, अन् म्याच फेकाले लावला! अन् काल हिनं मले अकरा फोन लावले, अध्यक्षबाई. अकरा! मी तथी गळ्यात हार घालून पेढे खाऊन राह्यलो होतो. लागला नाई म्हनते ती! लागला होता. म्या कापला!”

माझा आवाज पत्र्यावर आपटून दोनदा परत आला. फोन केव्हा कट झाला ते कळलं नाही. चाचांनी दाढीतली रुई काढली आणि पुन्हा दाढीत ठेवली.

त्यानंतर मी इतर ठिकाणी पुष्कळ दुकानं बांधली. नियम आता सगळ्यात आधी मागं लिहितो, जिथं माल मोजला जातो तिथं, मग पुढं कोणी काहीही रंग लावो. कोणी मला विचारलं की पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी करायची का, तर सांगतो करा, खुशाल करा. पण आधी मागं कोण बसलंय त्याला जाऊन विचारा की तू काय काय मनात धरून काम करतोस. त्याच्या मनातलं कोणत्याच बाजूत लिहिलेलं नसतं. असं सांगताना मला कायम राग येतो आणि समोरच्याला वाटतं मी त्याच्यावर चिडलोय. कधी कधी चिडलेलाही असतो. आमचा सगळा जिल्हाच तर मागची बाजू आहे. शर्ट काचेमागं लटकतो, उजेडात, नाव दुसऱ्याचं. आणि कापसात अळी निघाली की ओरडा इथं येतो.

पण त्या दुपारचं सांगतो. अध्यक्षबाईंनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या आता माझ्यावर ओरडणार म्हणून मी खांदे वर घेतले. ओरडण्याऐवजी त्या ताईंकडं वळल्या. ते जास्त वाईट होतं.

“अकरा फोन?” त्यांनी ताईंना विचारलं.

“मोजले नाई,” ताई म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी किल्ली शिलाई मशीनच्या पाटावर ठेवली. हातात दिली नाही, तेवढा ताठा राहिलाच. बाजूला सरकल्या आणि रुईचा ढीग पायानं चाचांकडं लोटला.

“रद्द गिद्द काही करत नाई आपन,” त्या म्हणाल्या, आता साध्या आवाजात, म्हणजे स्टँडपर्यंतच ऐकू जाईल अशा. “लोकायनं मागितली हाये. शिवू. चाचा, रुई पुरीन का?”

“पुरेगी. पिंजना पड़ेगा दिन भर.”

“पिंजा. भाऊ पिंजू लागीन तुमाले.” हे माझ्याबद्दल होतं, आणि त्यात विचारणं नव्हतं. “बायकायले बोलावते मी. एकशे चौदा ऑर्डरी, एक त हाये तथी फळीवर. म्हनजे शिवाच्या किती झाल्या? एकशे तेरा.”

ताईंनी किल्ली उचलली, पदराच्या टोकाला ठेवली, आणि गाठ मारली. मग सुईत दोरा ओवला.

“एकशे चौदा,” त्या म्हणाल्या.